कोरा चेक घेऊन माणूस गहाण ठेवायची सोय बंद करा

सही केलेला कोरा चेक ‘सिक्युरिटी’ म्हणून घ्यायची पद्धत कायद्याने मोडून काढली पाहिजे असं माझं मत आहे, आणि त्याला चिकटूनच दुसरं मत असं की नुसती पद्धत मोडून भागणार नाही, तो चेक घेणाऱ्या लहान धनकोच्या हातात त्याऐवजी खरं तारण द्यावं लागेल. या विषयावर भांडणारे बहुतेक लोक यातलं एकच अर्ध बोलतात. कर्जदाराच्या बाजूचे म्हणतात चेक बाउन्स हा गुन्हाच नको, दिवाणी मामला आहे तो. धनकोच्या बाजूचे म्हणतात चेक बाउन्सला गुन्हा ठरवणाऱ्या कलम 138 ला हात लावलात तर उधारीवरचा धंदा बसेल. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून वाद वर्षानुवर्षं तिथल्या तिथेच फिरतोय.

पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे, तरी मांडतो. कर्ज घेताना, डीलरशिप घेताना, माल उधारीवर उचलताना, कधी भाड्याने जागा घेताना तर कधी नोकरीच्या बाँडसाठीसुद्धा समोरचा म्हणतो, दोन-चार चेक सही करून देऊन ठेवा, फॉर्मॅलिटी आहे. रक्कम मोकळी, तारीख मोकळी, पुष्कळदा नावाची जागाही मोकळी. खात्यात तेवढे पैसे नाहीत हे देणाऱ्याला माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही, कारण पैसे असते तर हा सगळा प्रकार करायची गरजच पडली नसती. व्यवहार नीट चालला तर चेक कुणाला आठवतही नाहीत. बिनसला की ते बाहेर येतात, रक्कम भरली जाते, तारीख पडते, बँकेत टाकले जातात, ‘फंड्स इन्सफिशियंट’चा मेमो येतो आणि दोन माणसांतला हिशोबाचा वाद फौजदारी कोर्टात जाऊन पडतो, जिथे एक जण फिर्यादी आणि दुसरा आरोपी.

आता हा कायदा मुळात कशासाठी होता ते बघा. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट 1881 चा आहे, 1 मार्च 1882 पासून लागू, आणि त्याचं सगळं लक्ष एका प्रश्नावर आहे की एक कागद हातोहात फिरून पैशासारखा चालायचा असेल तर तो घेणाऱ्याला कसली खात्री पाहिजे. वचनचिठ्ठी, हुंडी, चेक. (देशी भाषांतल्या हुंड्यांचे जे स्थानिक रिवाज होते त्यांना तर पहिल्याच कलमात हात न लावता सोडून दिलंय, ब्रिटिशांनाही त्या भानगडीत पडायची हिंमत झाली नसावी.) चेक म्हणजे बँकेला दिलेला हुकूम, की मागितल्यावर या माणसाला एवढे पैसे दे. शंभरहून जास्त वर्षं चेक नुसता न वटणं हा गुन्हा नव्हता, फसवणुकीचा इरादा वेगळा सिद्ध केला तरच फौजदारी व्हायची. 1988 च्या दुरुस्तीने कलम 138 आलं आणि 1 एप्रिल 1989 पासून लागू झालं. हेतू सरळ होता, चेकवर लोकांचा भरवसा बसावा. सुरुवातीला शिक्षा एक वर्षापर्यंत होती, 2002 च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत नेली, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाट ठरलेली आहे: चेक मुदतीत टाकायचा, मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात तक्रार.

ज्या चेकसाठी हे कलम केलं तो चेक वेगळा होता. मी तुमच्याकडून माल घेतला, बिल झालं, मी रक्कम आणि तारीख घालून चेक दिला, तुम्ही त्या भरवशावर माल सोडला, आणि चेक परत आला. इथे मी तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं, की टाका, पैसे मिळतील, आणि ते खोटं निघालं. याला शिक्षा असावी का यावर मतं असू शकतात पण निदान शिक्षा कशाला हे तरी कळतं. सिक्युरिटी चेकमध्ये कुणी कुणाला काय खोटं सांगितलं? पैसे नाहीत हे दोघांना ठाऊक असतानाच तो दिला-घेतला गेला. ज्या लबाडीसाठी कलम आणलं ती लबाडीच तिथे नाही, उरतं ते फक्त न फिटलेलं देणं.

मग असे चेक 138 मध्ये बसतात कसे? कोर्टांनी ते हळूहळू बसवले, आणि प्रत्येक पायरीवर कारण दिलं, जे सुटं बघितलं तर चुकीचं वाटत नाही. कलम 139 म्हणतं की चेक ज्याच्या हातात आहे त्याला तो देण्यापोटीच मिळाला असं कोर्ट धरून चालेल, उलटं असेल तर आरोपीने दाखवावं. 2010 मध्ये रंगप्पा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या गृहितकात कायद्याने वसूल होऊ शकणारं देणं अस्तित्वात होतं हेसुद्धा येतं. 2014 च्या इंडस एअरवेज प्रकरणात कोर्टाने उलटी बाजूही घेतली होती, ऑर्डरपोटी आगाऊ दिलेले चेक, ऑर्डर रद्द झाली, मग त्या तारखेला देणंच नव्हतं, सबब गुन्हा नाही. पण 2016 मध्ये संपेल्ली सत्यनारायण राव प्रकरणात कर्जाच्या हप्त्यांचे पुढच्या तारखांचे चेक करारात ‘सिक्युरिटी’ म्हटलेले असूनही 138 खाली आले, कारण चेकच्या तारखेला हप्ता देय झालेला होता. 2019 मध्ये बीर सिंग निकाल आला, स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकमध्ये घेणाऱ्याने रक्कम भरली तरी 139 चं गृहितक लागू. 2021 मध्ये श्रीपती सिंग, सिक्युरिटी म्हणून दिला म्हणून चेक निरुपयोगी कागद होत नाही, कर्ज थकलं आणि दुसरी काही तडजोड झाली नाही की तो टाकता येतो. 2022 मध्ये आणखी स्पष्ट झालं की मजकूर दुसऱ्याच्या हस्ताक्षरात आहे हे हस्ताक्षरतज्ज्ञ आणून दाखवलंत तरी त्याने फार काही साधत नाही.

श्रीपती सिंगमधला मुद्दा मी हलक्यात घेत नाही. कोर्टाची अडचण खरी आहे, कारण ‘सिक्युरिटी होता’ म्हटल्यावर सुटका होत असेल तर प्रत्येक आरोपी तेच म्हणेल. आत्ताही चेक हरवला होता, चोरीला गेला होता, तिसऱ्याच कामासाठी दिला होता, मी ओळखतच नाही या माणसाला, असे ठराविक बचाव ऐकून ऐकून कोर्टं कंटाळलेली आहेत. पण पुढच्या तारखेचा, रक्कम भरलेला हप्त्याचा चेक आणि पूर्ण कोरा चेक या दोघांना एकाच तराजूत टाकणं मला पटत नाही. पहिल्यात कर्जदाराने किती आणि कधी हे लिहून दिलंय. दुसऱ्यात त्याने फक्त सही दिलीय, बाकीचं वाक्य समोरचा लिहिणार आहे, तेसुद्धा भांडण झाल्यावर.

आणि गंमत म्हणजे याच 1881 च्या कायद्यात याचं उत्तर अर्धंमुर्धं पडलेलं आहे. कलम 20 स्टँप लावलेल्या पण अर्धवट भरलेल्या दस्तांबद्दल आहे. सही करून मोकळा कागद दिलात तर घेणाऱ्याला तो भरायचा अधिकार मिळतो असं ते म्हणतं, आणि बीर सिंगमध्ये कोर्टाने 139 बरोबर या कलमाचाही आधार घेतला. पण त्या कलमाला एक परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी अट, आहे. ज्याने दस्त मोबदला देऊन, मुदतीआधी, दोषाची शंका यायचं कारण नसताना घेतला असा तिसरा प्रामाणिक धारक सोडला तर बाकी कुणालाही, देणाऱ्याने जेवढी रक्कम द्यायचं मनात धरलं होतं त्यापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या माणसांनाही कळत होतं की मोकळा कागद भरायचा अधिकार म्हणजे वाटेल ते भरायचा अधिकार नव्हे. आज चर्चेत त्या कलमाचा पहिला भाग जोरात ऐकू येतो, परंतुक फार क्वचित.

रकमेपेक्षाही तारखेचा खेळ मला जास्त खटकतो. उसन्या पैशाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो, मुदत कायदा 1963 चा आहे. चेकची मुदत आधी सहा महिने होती, 1 एप्रिल 2012 पासून रिझर्व्ह बँकेने ती तीन महिन्यांवर आणली. पण तारीखच मोकळी असेल तर यातलं काहीही लागू होत नाही, पाच वर्षांपूर्वी दिलेला चेक आज तारीख टाकली की ताजा. वरून काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 25 मध्ये मुदत संपलेलं देणंसुद्धा लेखी, सही करून फेडायचं कबूल केलं तर जिवंत होतं, आणि सही तर आधीच देऊन ठेवलीय. म्हणजे जुनी देणी कधीतरी संपावीत म्हणून कायद्याने जी मुदत घातली ती एका मोकळ्या रकान्याने उडून जाते.

थोडा दिलासा कोर्टानेच दिलाय हे नोंदवायला हवं. 2022 च्या दशरथभाई त्रिकमभाई पटेल निकालात म्हटलं की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली असेल आणि ती चेकवर नोंदवली नसेल, तर पूर्ण रकमेचा चेक टाकून 138 चालवता येणार नाही, कारण टाकायच्या दिवशी तेवढं देणंच उरलेलं नव्हतं. उपयोगी निकाल आहे, पण फेडल्याचा पुरावा आरोपीकडे असला तर. रोखीत फेडलेल्याचा असतो का पुरावा?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तारण घेतल्याने धनकोला काय मिळतं? एक ठराविक वस्तू मिळते, घर, मशीन, गाडी, सोनं, गोडाऊनमधला माल, येणी, जिच्यातून तो पैसे काढू शकतो. दुसरं, त्या वस्तूवर बाकीच्या धनकोंच्या आधी त्याचा नंबर लागतो. आणि तिसरं, जे लोक विसरतात, बाकीच्यांना हे कळायची सोय असते, म्हणजे या वस्तूवर आधीच कुणाचा तरी हक्क बसलाय हे बघून मग पुढचा कर्ज देतो किंवा देत नाही. कोऱ्या चेकमध्ये यातलं एकही नाही. कुठली वस्तू नाही. नंबरही नाही, उद्या कर्जदार कंपनी दिवाळखोरीत गेली तर चेकवाला बिनतारणीच, 2016 च्या दिवाळखोरी कोडच्या कलम 53 च्या वाटपात तारण असलेल्या बँकांच्या मागेच उभा राहणार. आणि कुणाला काही दिसतही नाही, एकाच माणसाने दहा जणांना कोरे चेक देऊन ठेवले तरी प्रत्येकाला वाटतं आपण सेफ आहोत.

मग या चेकच्या मागे आहे तरी काय? भीती आहे, समन्सची, वॉरंटची, नातेवाइकांत बोभाटा होण्याची, दोन वर्षांच्या शिक्षेची. मालमत्ता नाही म्हणून माणसाचं स्वातंत्र्य तारण घेतलंय. चेक बऱ्याचदा बायकोचा, भावाचा, म्हाताऱ्या वडिलांचा मागितला जातो यातच सगळं आलं, कारण त्यांच्या खात्यातही पैसे नसतातच, पण त्यांना कोर्टात उभं करायची धमकी कर्जदारावर जास्त चालते. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन, 1980, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. देणं फेडायची ऐपत नाही आणि लबाडीही नाही, अशा माणसाला नुसत्या थकबाकीसाठी तुरुंगात टाकणं घटनेच्या कलम 21 मध्ये बसत नाही असं त्यात म्हटलंय, आणि आंतरराष्ट्रीय नागरी-राजकीय हक्क कराराच्या कलम 11 चाही आधार घेतलाय, जे हेच सांगतं. तो निकाल दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतल्या अटकेबद्दल होता, 138 बद्दल नव्हता, 138 तेव्हा जन्मलंही नव्हतं. पण ऐपत नसलेल्या माणसाला थकबाकीसाठी दिवाणी कोर्ट आत टाकू शकत नाही आणि त्याच थकबाकीसाठी कोरा चेक घेऊन ठेवला असेल तर फौजदारी कोर्ट टाकू शकतं, हे मला तरी पचत नाही.

यात एक तोटा धनकोंचाच होतो. भीतीवर चालणारी वसुली नंबर बघत नाही. अडचणीतल्या माणसाकडे थोडे पैसे येतात तेव्हा तो आधी कुणाला देतो? ज्याचं समन्स आलंय त्याला. ज्याने बिचाऱ्याने साधं बिल घेऊन विश्वासाने माल दिला, कोरा चेक मागायला ज्याला अवघड वाटलं, तो शेवटी. म्हणजे सभ्य धनकोचे पैसे कडक धनकोकडे जातात. कंपनीच्या बाबतीत तर आणखी विचित्र. 2021 मध्ये पी. मोहनराज निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होऊन स्थगिती लागली की कंपनीविरुद्ध 138 पुढे चालत नाही, पण संचालकांविरुद्ध चालू राहतं. त्याच निकालात न्यायमूर्ती नरिमन यांनी 138 च्या कारवाईला फौजदारी लांडग्याचं कातडं पांघरलेली दिवाणी मेंढी म्हटलंय. मेंढी ठीक आहे, पण चावा लांडग्याचाच बसतो.

आकडे बघा. 2008 मध्ये विधी आयोगाच्या 213 व्या अहवालात 38 लाखांहून जास्त चेक बाउन्सचे खटले पडून असल्याचं म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्वतःहून हा विषय हातात घेतला तेव्हा समोर आलेला आकडा असा की 31 डिसेंबर 2019 ला देशात 2.31 कोटी फौजदारी खटले प्रलंबित होते आणि त्यातले 35.16 लाख एकट्या 138 चे. कलम 143 म्हणतं तक्रार दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवायचा प्रयत्न करा. 2018 च्या दुरुस्तीने 143अ आणि 148 आणलं, खटला चालू असताना 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई आणि अपिलात किमान 20 टक्के जमा, म्हणजे वेग वाढवायला दर काही वर्षांनी एक नवा स्क्रू आवळला जातो. आत काय काय येऊन पडतंय हे मात्र कुणी तपासत नाही. यातले किती चेक कोरे दिले गेले होते याची वेगळी मोजणी कुणी मांडलेली माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि धोरण ठरवणाऱ्यांनी सगळ्यात आधी तीच करायला हवी.

2020 च्या जूनमध्ये अर्थमंत्रालयाने किरकोळ आर्थिक गुन्हे फौजदारीतून काढायचा जो प्रस्ताव मांडला त्या यादीत 138 सुद्धा होतं. व्यापारी आणि कर्ज देणाऱ्या संस्थांनी आरडाओरडा केला, प्रस्ताव पुढे सरकला नाही. मला वाटतं तो तसा मागे पडला हे बरंच झालं, कारण त्यात फक्त काढून घेणं होतं, द्यायचं काहीच नव्हतं. लहान पुरवठादाराची जागा घेऊन बघा. नव्वद दिवसांच्या उधारीवर माल दिला. माल ताब्यात दिला त्या क्षणी त्यावरची त्याची पकड गेली, विक्रीच्या 1930 च्या कायद्यात न मिळालेल्या किमतीसाठी माल अडवून ठेवायचा हक्क ताबा असेपर्यंतच असतो. तो माल खरेदीदाराच्या गोडाऊनमध्ये गेला, आणि त्या गोडाऊनमधल्या सगळ्या आजच्या-उद्याच्या स्टॉकवर बँकेचं नजरगहाण (माल कर्जदाराच्याच ताब्यात ठेवून घेतलेलं तारण) आधीच बसलेलं आहे. म्हणजे ज्या मालाचे पैसे अजून मिळाले नाहीत तो माल बँकेच्या तारणात जमा झाला. धंदा बुडाला की बँक तोच माल विकून आपले पैसे काढणार आणि पुरवठादार दिवाणी कोर्टात तारखा मोजणार. या माणसाने कोरा चेक मागितला तर मी त्याला दुष्ट म्हणणार नाही, त्याच्याकडे दुसरं आहेच काय.

बँकेकडे आहे. 2002 च्या सरफेसी कायद्याने 60 दिवसांची नोटीस दिली की कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायची सोय बँकांना मिळाली. बिगरबँक वित्त कंपन्यांनाही मिळाली, पण 100 कोटींच्या वरच्या कंपन्यांना आणि 20 लाखांच्या वरच्या कर्जांना. यादीत पुरवठादार कुठेच नाही. त्याला व्याजासाठी 2006 चा सूक्ष्म-लघु उद्योग कायदा आहे, 45 दिवसांची मर्यादा आणि बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, बिलं विकायला ट्रेड्सचे प्लॅटफॉर्म आहेत, हे चांगलंच आहे, पण यातलं काहीही त्याला त्या मालावर हक्क देत नाही.

हा हक्क देता येतो. अमेरिकेतल्या युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या नवव्या आर्टिकलमध्ये ही सोय आहे, न्यूझीलंडचा 1999 चा आणि ऑस्ट्रेलियाचा 2009 चा कायदाही त्याच वाटेने गेलाय, ऑस्ट्रेलियाचं रजिस्टर जानेवारी 2012 ला सुरू झालं. गाभा असा: जंगम मालावर कुणीही, बँक असो की साधा विक्रेता, तारण ठेवून घेऊ शकतो, आणि एक छोटीशी नोटीस ऑनलाइन नोंदवतो, कर्जदार कोण, धनको कोण, माल साधारण कसला, बस. अख्खा करार जोडायचा नाही, अधिकाऱ्याने तपासायचा नाही. साधारणपणे ज्याची नोंद आधी त्याचा नंबर आधी. आणि जो धनको ती वस्तू घ्यायलाच उधारी किंवा कर्ज देतो, त्याला त्या वस्तूपुरता आधीच्या बँकेच्याही पुढे नंबर मिळतो. अमेरिकेत स्टॉकच्या बाबतीत त्यासाठी अट आहे की खरेदीदाराच्या ताब्यात माल जाण्याआधी नोंद झालेली पाहिजे आणि आधीच्या धनकोला कळवलेलं पाहिजे. म्हणजे बँकेलाही फसवणूक नाही, तिला माहीत असतं की हा माल आपल्या हिशोबात धरायचा नाही.

हे आपल्याकडे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी गाडीचं आरसी बुक काढून बघावं. त्यावर हायपोथिकेशनची नोंद असते, फायनान्स कंपनीची एनओसी आल्याशिवाय ती उतरत नाही, जुनी गाडी घेणारा आधी तेच तपासतो. कुणाला शिकवावं लागलं नाही. कंपन्यांसाठी रजिस्ट्रारकडे 30 दिवसांत चार्ज नोंदवायचा नियम आहे. 2011 पासून सेरसाई ही तारणांची केंद्रीय नोंदणी आहे, ती सुरू झाली घरांच्या कागदपत्रांवर एकाच मिळकतीवर चार बँकांची कर्जं काढणाऱ्यांना आळा घालायला, आणि 2016 च्या दुरुस्तीने सरफेसीत जो नवा भाग घातला, जो 24 जानेवारी 2020 पासून लागू झाला, त्यात केंद्र सरकारला अधिसूचना काढून इतर धनकोंनाही या नोंदणीत आणायची वाट ठेवलेली आहे. म्हणजे इमारत बांधून झालीय, दार कुणासाठी उघडायचं एवढाच प्रश्न आहे. मात्र पुरवठादाराचा नंबर बँकेच्या पुढे लागायचा असेल तर त्यासाठी कायदाच बदलावा लागेल, आणि बँका तिथे जोर लावून विरोध करतील, हे गृहीत धरूनच बोललं पाहिजे.

आता चेककडे परत. माझं म्हणणं 138 रद्द करा असं नाही. रक्कम आणि तारीख घालून दिलेला चेक, पुढच्या तारखेचा हप्त्याचा चेकसुद्धा, आहे तसा राहू दे. पण चेक देताना रक्कम किंवा तारीख मोकळी होती असं दिसलं तर कलम 139 चं गृहितक फिर्यादीला मिळू नये. मूळ देणं किती, कधीचं, कशाचं, हे त्याने साध्या पुराव्याने सिद्ध करावं, जसं दिवाणी कोर्टात करावं लागतं. ज्याच्याकडे करार आहे, बिलं आहेत, खातेउतारा आहे त्याला यात काहीच जड नाही. जड जाईल ते फक्त त्याला ज्याने पन्नास हजार देऊन पाच लाख भरलेत. आणि कलम 20 चं परंतुक चेकला लागू आहे असं कायद्यातच स्पष्ट लिहा म्हणजे वकिलांचा वेळ वाचेल.

कोरा होता हे दाखवायचं ओझं आरोपीवर राहू दे, त्याला माझी हरकत नाही. नाहीतर परत तेच, प्रत्येक जण उठून कोरा होता म्हणणार. पण ते दाखवणं वाटतं तेवढं कठीण नाही. बँकेच्या रेकॉर्डवर चेकबुक कधी दिलं ते असतं, त्याच बुकातले मागचे-पुढचे चेक कधी वटले ते असतं, आणि 2019 ला वटलेल्या दोन चेकच्या मधला नंबर 2024 ची तारीख घालून येत असेल तर फार डोकं लावायला नको. शिवाय संस्थांच्या बाबतीत पुरावा खुद्द त्यांच्याच करारात असतो, अमुक नंबर ते अमुक नंबरचे चेक सिक्युरिटी म्हणून घेतले अशी चक्क यादी. खाजगी सावकार अशी यादी देत नाही, तिथे गोष्टी अवघड राहतील, मान्य.

कर्ज फिटल्यावर चेक परत करायचं काय? सप्टेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मिळकतीची मूळ कागदपत्रं परत द्या आणि नोंदवलेले चार्ज काढा, आपल्या चुकीने उशीर केलात तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. फार चांगला नियम. पण तो मिळकतीच्या कागदांबद्दल बोलतो. घराचं खरेदीखत महिन्यात परत आलं पाहिजे आणि ज्याने माणूस आत जाऊ शकतो तो सही केलेला चेक फाइलमध्ये पडून राहिला तरी चालतो, हे उलटं नाही का? त्या आदेशात चेकचा एक परिच्छेद वाढवायला संसदेची गरज नाही.

आणि हे सगळं करताना कागदाच्या चेकपुरतं थांबून उपयोग नाही, कारण मोठ्या कर्ज कंपन्यांचा चेकमधला रस तसाही कमी होत चाललाय. आता खात्यातून हप्ता कापून घ्यायचं ई-मँडेट घेतात, आणि 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्टच्या कलम 25 ने असा इलेक्ट्रॉनिक हप्ता पैशाअभावी परत गेला तरी तोच गुन्हा, तीच दोन वर्षांपर्यंतची शिक्षा, तीच दुप्पट दंडाची तरतूद. त्या मँडेटमध्ये कमाल रक्कम हप्त्याच्या कितीतरी पट टाकून घेतली जाते आणि माणूस फोनवर ओटीपी देऊन मोकळा होतो, कोऱ्या चेकवर निदान पेन तरी उचलावं लागायचं. म्हणून दुरुस्ती दोन्ही कायद्यांत एकाच वेळी हवी: मँडेटची कमाल रक्कम काहीही असो, कलम 25 चालेल ते करारात लिहिलेल्या आणि त्या दिवशी खरोखर देय झालेल्या हप्त्यापुरतंच, आणि कर्ज फिटलं की मँडेट रद्द करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची, घेणाऱ्याची नाही.